अवांतर

मी गुणलेखिका. बावीस उन्हाळे
स्खीडामच्या मैदानाकडेच्या लाकडी खोपीत,
दोन पेन्सिली, एक खोडरबर, मांडीवर घोंगडी.
चित्स्के हुकमाचा एकूणएक चेंडू माझ्या वहीत आहे.
ठिपका म्हणजे धाव नाही, एवढंच लोकांना कळतं.
ठिपका म्हणजे चेंडू पडला,
कोणीतरी तो टाकला.
सहा ठिपके रेघांनी जोडले की एम होतो, निर्धाव षटक.
तिच्या नावापुढे अशा एमची रांगच्या रांग,
लहान मुलं आभाळात पक्षी काढतात तशी.

काथ्याची मॅट. तिच्याखाली गवत,
गवताखाली पाणी, कधीचं वर यायला टपलेलं.
अशा ओल्या देशासाठी तिनं
सात उन्हाळे चेंडू टाकला,
पगारी रजा कापून, स्वतःच्या पैशांच्या बुटांत.

मग एका ऑक्टोबरात ती रग्बीला गेली.
म्हणाली, एप्रिलपर्यंत हातांचं करू काय?
पुरुषांच्या जुन्या नारिंगी जर्स्या, गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या.
पाठीवरचे आकडे आपापल्या आयांनी शिवलेले;
तिचा तीन दर सामन्यात एका टोकाला उसवायचा.

आमचे सेक्रेटरी फान हाउवेलिंग
चष्मा पुसत म्हणाले, हुकमाबाई,
दोन डगरींवर हात ठेवू नये माणसानं.
ती हसली.
ती कालव्यावरच्या पुलाची राखणदार होती.
घंटा वाजवायची, फाटक पाडायचं,
पूल उचलायचा,
आणि गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट
सोडायचा होडीवाल्याच्या नाकासमोर
टोलच्या गिल्डरसाठी.
मनगट तेच, चेंडू बाहेर काढणारं.
एकाही होडीवाल्याला वाकावं लागलं नाही.

एकदाच गेले मी तिची रग्बी बघायला.
सवयीनं वही घेऊन.
स्क्रम बांधला आणि चित्स्के दिसेनाशी झाली.
सोळा पाठींचं एक जनावर, वर वाफ,
आतून कण्हल्यासारखा आवाज,
चिखल बोटभर सरकला, थांबला, पुन्हा सरकला.
मी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं,
हे कुठं लिहितात?
हे? तो म्हणाला. हे नाही लिहीत.
चेंडू मागून निसटला, हातोहात कडेला गेला,
चौदा नंबरची पोर पळत सुटली, ट्राय झाला.
सगळे तिच्याकडे धावले.
चित्स्के उठली सर्वांत शेवटी,
तोंडातलं गवत थुंकली,
कान चाचपला, आहे का म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात तिची टोपी तिरकी बसायला लागली.
त्या कानावर काही नीट बसेना.
पंच म्हणाले, सरळ करा.
ती म्हणाली, ही सरळच आहे, डोकं बदललंय.
त्या दिवशी चार बळी. माझ्याकडे आहेत.

आता पूल दूरच्या कचेरीतून उचलतात, कॅमेऱ्यावर बघून.
चित्स्के गुरुवारी येते, जिना बाजूबाजूनं चढते,
माझ्याकडची बिस्किटं शिळी असतात म्हणून बोलते
आणि संपवते.
क्लबच्या वर्धापनदिनाला तिचा सगळा हिशेब हवाय.
क्रिकेट लिहायला एक दुपार गेली. बळी, झेल, एमचे थवे.
रग्बीचं पत्र आलं ते एका ओळीचं:
सामने अकरा, गुण शून्य.

आमच्या वहीत तळाशी एक रकाना असतो, अवांतर.
बॅटला न लागलेल्या धावा तिथं मांडतात.
कुठल्याच फलंदाजाच्या नावावर नाहीत,
पण बेरीज त्यांच्याशिवाय जुळत नाही.
मी बराच वेळ त्या रकान्याकडे बघत बसले.
चित्स्के म्हणाली, काय गं, अडलीस कुठं?
काही नाही, म्हटलं,
पेन्सिलीला टोक केलं,
आणि तिच्या त्या शून्याच्या पोटात
एक ठिपका दिला.